शाळेच्या संघातून महाविद्यालयाच्या संघात: फिलिपिनो बास्केटबॉलपटूचा रस्ता नेमका कसा जातो?

अर्धविराम (मूळ प्रश्न)

नमस्कार.

गेली काही वर्षे मी कोरिया आणि जपानमधील व्यावसायिक बास्केटबॉल नियमाने पाहतो. २०२५ मध्ये चांगवोनच्या एलजी सेकर्स संघाने आपल्या इतिहासातले पहिले कोरियन विजेतेपद मिळवले. त्या मालिकेत कार्ल तमायो या फिलिपिनो खेळाडूचा खेळ पाहून मी त्याची कारकीर्द मुळापासून वाचायला घेतली आणि वाचता वाचता गोंधळून गेलो. मुलगा सेबू बेटावरचा. शालेय बास्केटबॉल तो मनिलातल्या नॅशनल युनिव्हर्सिटीच्या शाळेकडून खेळला. महाविद्यालयात मात्र तो युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्समध्ये, म्हणजे ज्या संघाशी नॅशनल युनिव्हर्सिटीची दरवर्षी गाठ पडते त्याच संघात दाखल झाला. तिथे दोनच हंगाम खेळून ओकिनावाच्या र्‍यूक्यू गोल्डन किंग्ज संघात गेला आणि तिथून कोरियात.

या प्रवासातल्या प्रत्येक वळणावर निर्णय कोण घेते, हेच मला उमगत नाही. ज्या संस्थेने मुलाला शाळेत असताना घडवले, तिने त्याला प्रतिस्पर्ध्याकडे सुखासुखी कसे जाऊ दिले? विद्यापीठांनी शालेय संघ मुळात कशासाठी बाळगायचे, जर मुले अशी निघूनच जाणार असतील तर? सेबूसारख्या ठिकाणच्या मुलाला मनिलाला जाण्यावाचून खरोखरच गत्यंतर नसते का? आणि महाविद्यालयीन बास्केटबॉलची तिथे एवढी प्रतिष्ठा असताना दोन हंगामांत ते सोडून देण्याइतके बाहेर काय आहे?

एकाच खेळाडूची गोष्ट मला नको आहे, ती मिळते. त्यामागची व्यवस्था समजून घ्यायची आहे. तिथे राहिलेल्या किंवा हा खेळ जवळून पाहिलेल्या सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दर्यापार

मी नोकरीच्या निमित्ताने सहा वर्षे मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीत होतो, तेही काटिपुनान रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या रस्त्यावर निळ्या रंगाचे अतेनेओ विद्यापीठ आहे आणि पुढे थोड्याच अंतरावर मरून रंगाचे यूपी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्स. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबर या काळात कोणत्या दिवशी निळे सदरे अधिक दिसतात आणि कोणत्या दिवशी मरून, यावरून आदल्या संध्याकाळचा निकाल ओळखण्याची सवय मलाही लागली होती. या जवळिकीमुळे माझे मत थोडे एकांगी असू शकेल, हे आधीच सांगतो.

सर्वप्रथम काळाचा क्रम लक्षात घ्यायला हवा. महाविद्यालयांची एनसीएए ही स्पर्धा तिथे १९२४ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या त्याच नावाच्या संघटनेशी तिची गल्लत करू नये. यूएएपी ही विद्यापीठांची संघटना १९३८ ची. व्यावसायिक पीबीए लीग सुरू झाली ती थेट १९७५ मध्ये, आणि तरीही ती आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग ठरली. म्हणजे जवळपास अर्धे शतक तिथल्या माणसाची निष्ठा शाळा-महाविद्यालयांच्या रंगांशी बांधली गेली होती, आणि पुढे कंपन्यांचे संघ आल्यावरही ती पूर्णपणे सुटली नाही. पीबीएचे संघ उत्पादनांची नावे घेऊन खेळतात आणि ती नावे बदलतातही. पण अतेनेओ आणि दे ला साल यांच्यातला सामना आजोबांनी पाहिलेला असतो आणि नातूही तोच पाहतो. यूएएपीच्या अंतिम सामन्याला वीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमतात, ते या कारणाने.

यूएएपीत आठ सभासद आहेत: अतेनेओ, ला साल, यूपी, सान्तो तोमास, फार ईस्टर्न, युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्ट, नॅशनल आणि अ‍ॅडमसन. प्रत्येक संघ इतर सातांशी दोनदा खेळतो, म्हणजे साखळीत १४ सामने होतात. त्यातून चार संघ पुढे जातात. पहिल्या दोघांना उपांत्य फेरीत एकच विजय पुरतो, तर तिसर्‍या-चौथ्यांना त्यांना लागोपाठ दोनदा हरवावे लागते. अंतिम फेरी तीन सामन्यांची. पुरुषांच्या संघाच्या जोडीला त्याच रंगांत शालेय मुलांचा संघही खेळतो. अतेनेओच्या मोठ्यांचे बोधचिन्ह गरुड, म्हणून शाळेची मुले ‘ब्लू ईगलेट्स’, गरुडाची पिल्ले. नॅशनलचे मोठे ‘बुलडॉग्ज’, तर शाळेचे ‘बुलपप्स’. नावांवरूनच हेतू उघड आहे. पिल्ले मोठी व्हावीत आणि त्याच घरट्यात राहावीत.

प्रत्यक्षात ती राहत नाहीत. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण तुमच्या तमायोचाच संघ आहे. २०२० च्या मार्चमध्ये नॅशनलच्या शालेय संघाने एकही सामना न गमावता विजेतेपद मिळवले. त्या संघात तमायो होता, केविन कियांबाओ होता, जेरी अबादियानो आणि टेरेन्स फोर्तिया होते. एखाद्या संस्थेला दहा वर्षांतून एकदा लाभावा असा हा संच. त्यांतले तमायो, अबादियानो आणि फोर्तिया यूपीत गेले, तर कियांबाओ ला सालमध्ये. यूपीने २०२२ मध्ये अतेनेओला हरवून १९८६ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले, तेव्हा त्या यशाची बरीचशी मशागत दुसर्‍याच्या शेतात झाली होती, असे म्हणायला हरकत नाही. निर्णायक तिसर्‍या सामन्यात जादा वेळेत शेवटच्या क्षणी तीन गुणांचा फटका मारून जिंकून देणारा जेडी कागुलांगन हासुद्धा शाळेत आणि महाविद्यालयाच्या पहिल्या हंगामात ला सालच्या हिरव्या रंगात खेळलेला.

या मुलांना थांबवायचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. यूएएपीत एका सभासदाच्या शाळेतून उत्तीर्ण झालेला खेळाडू दुसर्‍या सभासदाच्या महाविद्यालयात गेला, तर त्याने काही काळ खेळाविना बसून राहावे असा नियम होता. २०१३ मध्ये ही सक्ती दोन वर्षांची झाली. अठरा वर्षांच्या मुलाने दोन वर्षे केवळ सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत प्रेक्षकांत बसायचे. शाळा संपल्यावर पुढे कुठे शिकायचे हा त्या मुलाचा हक्क आहे की शाळेचा, असा सरळ प्रश्न त्यातून उभा राहिला आणि तो न्यायालयापर्यंतच नव्हे, तर सिनेटपर्यंत गेला. सिनेटर पिया कायेतानो यांनी तो लावून धरला, आणि २०१५ मध्ये प्रजासत्ताक अधिनियम १०६७६, म्हणजे विद्यार्थी-खेळाडू संरक्षण कायदा, अस्तित्वात आला. त्यानुसार शाळा पूर्ण करून महाविद्यालयात जाणार्‍या खेळाडूवर असा प्रतीक्षाकाळ लादता येत नाही. एका शाळेतून दुसर्‍या शाळेत किंवा एका महाविद्यालयातून दुसर्‍यात गेल्यास तो लादता येतो, पण एक वर्षापेक्षा अधिक नाही. नॅशनलने तमायोला ‘जाऊ दिले’ का, या प्रश्नाचे उत्तर असे आहे की त्याला अडवणे आता कोणत्याच संस्थेच्या हातात राहिलेले नाही.

मग शालेय संघ कशासाठी? माझ्या मते ओळख वाढावी म्हणून. तीन-चार वर्षे मुलगा तुमच्या वसतिगृहात राहतो, तुमच्या प्रशिक्षकाला वडिलांसारखा मानतो, त्याची आई तुमच्या कार्यालयातल्या माणसांना नावाने ओळखते. हे बंधन कायद्याचे नसले तरी बंधनच आहे, आणि बारावीत तो इतर ठिकाणी चौकशी करू लागतो तेव्हा निदान शेवटचे बोलणे तुमच्याशी होते. त्याउलट यूपीची स्वतःची शाळा बास्केटबॉलमध्ये कधी फारशी पुढे गेली नाही. त्यामुळे यूपीला मोठ्यांच्या संघासाठी बाहेरूनच मुले आणावी लागली आणि ते काम ती इतरांपेक्षा चांगले करायला शिकली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सलग २७ पराभवांनंतर यूपीने एक सामना जिंकला, तर विद्यार्थ्यांनी आवारात विजयाची होळी पेटवली होती. एरवी अशी होळी विजेतेपदासाठी पेटवतात. एका साध्या साखळी सामन्यासाठी ती पेटली, यावरून त्या वेळची स्थिती ध्यानात यावी. तिथून आठ वर्षांत विजेतेपदापर्यंतची मजल प्रामुख्याने भरतीच्या जोरावर मारलेली आहे.

अर्धविराम

फारच उपयुक्त. एक उपप्रश्न विचारतो. भरतीचीच स्पर्धा असेल तर मुलाला नेमके काय दिले जाते? केवळ शिष्यवृत्तीवर इतकी चुरस होत असेल, हे पटत नाही.

सेंटरलाइन

मी स्वतः शालेय मुलांना बास्केटबॉल शिकवतो आणि फिलिपिन्सची व्यवस्था गेली पंधरा वर्षे अभ्यासाचा विषय म्हणून पाहत आलो आहे, म्हणून या उपप्रश्नावर लिहितो.

दर्यापार यांनी उल्लेखिलेल्या कायद्यातच काय देता येते याची यादी आहे: शिक्षणशुल्क आणि इतर फी, राहणे-जेवणे, शाळेचा आणि खेळाचा गणवेश, वाजवी मासिक भत्ता, वैद्यकीय खर्च वगैरे. त्याच्या पलीकडे मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना दिलेला आर्थिक लाभ हे खेळाडूचे बाजारीकरण मानले जाते आणि ते निषिद्ध आहे. आता अशी यादी विधिमंडळाला कायद्यात लिहावी लागली, यातच पुरेसे सुचवलेले आहे. त्यापेक्षा अधिक मी लिहिणार नाही, कारण ऐकीव गोष्टींना पुरावा नसतो.

मात्र या संघांच्या पाठीशी कोण उभे असते, हे उघड आहे आणि त्यात लपवण्यासारखे कुणालाच काही वाटत नाही. नॅशनल युनिव्हर्सिटी २००८ मध्ये एसएम उद्योगसमूहाकडे आली. त्यापूर्वी तो संघ तळाशी असे. २०१४ मध्ये त्यांनी १९५४ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. उद्योगपती मॅन्युएल पांगिलिनान यांचे पाठबळ अतेनेओला आणि एनसीएएतल्या सान बेदाला लाभले. ला सालमागे दीर्घकाळ सान मिगेलचे एदुआर्दो कोहुआंगको उभे होते. यांतले पांगिलिनान आणि सान मिगेल यांचे समूह पीबीएतही संघ चालवतात. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाचा बाप महाविद्यालय निवडताना पुढच्या दहा वर्षांचा विचार करतो. पदवीबरोबर ओळखी मिळतात, आणि खेळ जमला नाही तरी त्या ओळखी नोकरीला उपयोगी पडतात. अतेनेओची किंवा ला सालची फी सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे. ती पूर्ण माफ होणे हीच अनेक कुटुंबांसाठी पिढी बदलणारी गोष्ट असते, आणि म्हणून अर्धविराम यांनी शिष्यवृत्तीला ‘केवळ’ म्हणू नये, असे मला वाटते.

अर्थात फी माफ झाली तरी परीक्षा माफ होत नाही. सीजे पेरेझचे उदाहरण घ्या. तो पांगासिनान प्रांतातला. एनसीएएतल्या सान सेबास्तियनकडून खेळला, तिथून अतेनेओत गेला, पण अभ्यासाच्या अटी पूर्ण न झाल्याने यूएएपीचा एकही सामना न खेळता त्याला ते सोडावे लागले. मग तो लायसियममध्ये आला आणि २०१७ मध्ये एनसीएएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.  पेरेझ २०१८ मध्ये पीबीएच्या निवड प्रक्रियेत, म्हणजे संघ पाळीपाळीने नवोदित खेळाडू उचलतात त्या ‘ड्राफ्ट’मध्ये, पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. तीन महाविद्यालये आणि मधली बसून काढलेली वर्षे. कागदावर हा प्रवास विस्कळीत दिसतो, पण तिथे त्याला कुणी नावे ठेवत नाही.

आणखी एक बदल इथे नोंदवायला हवा, कारण तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पूर्वी तिथे शालेय शिक्षण दहा वर्षांचे होते आणि मुलगा सोळाव्या वर्षी महाविद्यालयात येई. २०१६ पासून अकरावी आणि बारावी शाळेत जोडली गेली. त्यामुळे भरतीचा पहिला हल्ला आता दहावीनंतरच होतो. प्रांतातल्या उंच मुलाला अकरावीसाठीच मनिलात आणले जाते, दोन वर्षे शालेय संघात मुरवले जाते, आणि महाविद्यालयात तो येतो तेव्हा अठरा वर्षांचा, अंगाने भरलेला आणि हजारो प्रेक्षकांसमोर खेळण्याची भीड चेपलेला असतो. शालेय सामन्यांचा दर्जा या दोन वर्षांनी निश्चितच उंचावला. त्याचबरोबर प्रांतातल्या शाळांकडे चांगली मुले दहावीपर्यंतच उरतात, हेही खरे.

दावाओकर

मी वैद्यकीय शिक्षणासाठी साडेपाच वर्षे फिलिपिन्सच्या दक्षिणेतल्या दावाओत होतो. यूएएपीचे सामने आम्ही भोजनगृहातल्या दूरचित्रवाणीवरच पाहिले, त्यामुळे मनिलाच्या राजकारणात मला गती नाही. वरच्या प्रतिसादांत हा प्रवास सोळाव्या वर्षी सुरू होतो. मी त्याच्या आधीचे थोडे लिहितो.

आमच्या वसतिगृहामागे बारांगायचे, म्हणजे वस्तीच्या प्रशासनाचे, छप्पर असलेले मैदान होते. अशी मैदाने तिथे जवळपास प्रत्येक वस्तीत असतात. आमच्या मैदानावर सकाळी वयस्कर बायकांचा व्यायाम चाले, सभा होत, लग्नाची जेवणे होत, आणि पुराच्या दिवसांत खालच्या गल्लीतली कुटुंबे अंथरुणे घेऊन तिथेच येत. चारनंतर ते बास्केटबॉलचे. लहान मुले सपाता घालून खेळत; काही जण धावताना अडखळू नये म्हणून त्या काढून हातांत किंवा दंडावर अडकवत आणि अनवाणी पळत. फळ्याच्या प्लायवूडचा एक कोपरा कुजून गेला होता, आणि त्या कोपर्‍यावर आपटलेला चेंडू उसळत नाही, खाली गळतो, हे तिथल्या आठ वर्षांच्या पोरालाही ठाऊक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे ‘लीगा’ भरे. संघांना जर्सी स्थानिक पुढारी देत, त्यामुळे पाठीवर खेळाडूच्या नावापेक्षा पुढार्‍याचे नाव मोठे असे. निवडणुकीच्या वर्षी जर्सींचे कापड चांगले येई, असे आमचे भोजनगृहवाले म्हणत.

या मैदानावरून वर जाण्याचा अधिकृत रस्ता शाळेतून जातो. आधी शाळेच्या अंतर्गत स्पर्धा, मग जिल्हा, मग विभाग, मग प्रदेश आणि शेवटी पालारोंग पाम्बान्सा, म्हणजे शालेय मुलांची राष्ट्रीय क्रीडास्पर्धा, जी १९४८ पासून भरत आली आहे. तिथे मुलगा आपल्या शाळेच्या नव्हे, तर प्रदेशाच्या नावाने खेळतो. मनिलाची माणसे वही घेऊन बसतात ती तिथे. अलीकडे एनबीटीसीची (नॅशनल बास्केटबॉल ट्रेनिंग सेंटरची) राष्ट्रीय शालेय स्पर्धाही तितकीच महत्त्वाची झाली आहे.

पण अर्धविराम यांनी विचारले आहे की मनिलाला गेल्यावाचून गत्यंतर नाही का. आहे, आणि त्याचा पुरावा देशातला सर्वांत मोठा खेळाडूच आहे. जून मार फाहार्दो सेबू बेटावरच्या पिनामुंगाहान गावचा. तो युनिव्हर्सिटी ऑफ सेबूकडून तिथल्या सेसाफी स्पर्धेत खेळला. यूएएपी किंवा एनसीएए त्याने कधी खेळलीच नाही. २०१२ मध्ये पीबीएच्या निवडीत तो पहिल्या क्रमांकावर घेतला गेला आणि २०१४ ते २०१९ अशी सलग सहा वर्षे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या आधीच्या पिढीतला रामोन फर्नांदेस हाही सेबूतल्या सान कार्लोस विद्यापीठाचाच.

मात्र फाहार्दो सहा फूट दहा इंचांचा आहे, हे विसरून चालणार नाही. त्या उंचीचा माणूस बेटावर राहिला तरी लपत नाही. सहा फुटांच्या आसपासच्या गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूला, ही चैन परवडत नाही. आमच्या दावाओजवळच्या दावाओ देल सुर प्रांतातला स्कॉटी थॉम्पसन मनिला भागातल्या पर्पेच्युअल हेल्पमध्ये गेला, तेही यूएएपीत नव्हे तर एनसीएएत, जिथे दूरचित्रवाणीचा झोत तुलनेने मंद असतो. २०१४ मध्ये तो त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू झाला, पुढच्या वर्षी हिनेब्रा संघाने त्याला निवडले आणि पुढे पीबीएचाही तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या प्रांतातल्या दिगोस शहरात रिक्षांवर त्याचे चित्र मी स्वतः पाहिले आहे.

सेंटरलाइन

दावाओकर यांच्या उंचीच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण दर्यापार यांच्या मांडणीतला एक गर्भितार्थ मला मान्य नाही. त्यांच्या लिहिण्यात महाविद्यालयीन बास्केटबॉल हे या प्रवासाचे शिखर असल्यासारखे वाटते. प्रेक्षकाच्या दृष्टीने ते असेलही. खेळाडूच्या दृष्टीने २०२० पासून ते तसे राहिलेले नाही, आणि मूळ प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर त्यात आहे.

जपानच्या बी लीगने त्या वर्षी आशियाई खेळाडूंसाठी स्वतंत्र जागा ठेवली. थर्डी रावेना, ज्याने अतेनेओच्या सलग तीन विजेतेपदांत अंतिम फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान तीनदा मिळवला होता, या जागेवर जाणारा पहिला फिलिपिनो ठरला. तो निदान आपले महाविद्यालयीन हंगाम पूर्ण करून गेला. २०२२ मध्ये कोरियाने तशीच जागा फिलिपिनो खेळाडूंना खुली केली, आणि अतेनेओचा एसजे बेलांहेल हंगाम शिल्लक ठेवून देगूला गेला. हा तोच बेलांहेल, ज्याने २०२१ मध्ये शेवटच्या क्षणी तीन गुण मारून कोरियालाच हरवले होते. कोरियन संघांना त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागली नसेल. फार ईस्टर्नचा आरजे आबारिएन्तोस त्याच वर्षी उल्सानला गेला आणि तिथला सर्वोत्तम नवोदित ठरला. मग तमायो. मग कियांबाओ, जो ला सालमध्ये सलग दोनदा यूएएपीचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर कोरियातल्या गोयांगला गेला.

यामागे पैसा आहे, हे उघड आहे. पीबीएत खेळाडूच्या मासिक वेतनाला अनेक वर्षे ४,२०,००० पेसोंची कमाल मर्यादा राहिली आहे, आणि नवोदिताला त्याहून बरेच कमी मिळते. शिवाय पीबीएत खेळाडूला संघ निवडता येत नाही. निवड प्रक्रियेत जो उचलेल त्याच्याकडे जावे लागते. जपान-कोरियात करार स्वतः करता येतो. यूएएपीत एका खेळाडूला पाच हंगाम मिळतात. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने त्यातले उरलेले तीन हंगाम भत्त्यावर खेळायचे की करारावर, असा हिशेब आता प्रत्येक चांगल्या घरात होतो.

काई सोत्तो तर ही महाविद्यालयाची पायरीच ओलांडून गेला. अतेनेओच्या शालेय संघाला त्याने २०१८ मध्ये विजेतेपद मिळवून दिले. पुढच्या वर्षी, तमायोच्या नॅशनलकडून अंतिम फेरी हरल्यावर, तो थेट अमेरिकेला गेला. सात फूट तीन इंच उंची, वडील स्वतः पीबीए खेळलेले. एनबीएच्या २०२२ च्या निवडीत त्याला कुणी घेतले नाही, आणि अ‍ॅडलेड, हिरोशिमा, योकोहामा असा त्याचा प्रवास झाला. तो यूएएपीत राहिला असता तर अधिक चांगला घडला असता, असे म्हणणारे मला अनेक भेटले. मला स्वतःला तसे वाटत नाही. त्या उंचीच्या खेळाडूला रोज सरावात अंगावर घेणारा दुसरा तसाच माणूस लागतो, आणि तो तिथल्या शालेय किंवा महाविद्यालयीन संघात मिळत नव्हता. यूएएपीतले उंचापुरे सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे खेळाडू, बहुधा आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी असतात: अलीकडच्या काळात अतेनेओकडून खेळलेला आंज क्वामे, यूपीकडून खेळलेला मलिक दियूफ. त्यांच्यासमोर वर्षाकाठी मोजकेच सामने मिळतात. एनसीएएने तर परदेशी खेळाडू बंदच केले.

दर्यापार

सेंटरलाइन यांचा आक्षेप मान्य. मी काटिपुनानवरून पाहिले, आणि तिथून शिखर तेच दिसते.

एक भर घालतो. मुले लवकर जाऊ लागल्याने विद्यापीठांची भरती थांबलेली नाही, उलट वाढली आहे. पूर्वी एका चांगल्या खेळाडूवर पाच वर्षांचा संघ उभा राहत असे. आता तो दोन वर्षांत जाईल हे धरूनच पुढचा मुलगा दहावीत असताना हेरून ठेवावा लागतो. बारावीतल्या मुलाने नव्या विद्यापीठाची जर्सी हातात धरून काढलेले छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकणे, हा तर आता रीतसर विधीच झाला आहे. काही महिन्यांनी तोच मुलगा दुसर्‍या रंगाची जर्सी धरून उभा राहतो, हेही घडते, आणि मग प्रतिक्रियांमध्ये जे काही लिहिले जाते ते वाचून त्या मुलाच्या आईची कीव येते.

अर्धविराम

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न, बहुधा दावाओकर यांच्यासाठी: तुम्ही ज्यांना त्या मैदानावर पाहिलेत, त्यांपैकी कुणी मनिलापर्यंत गेले का? जे निवडले जात नाहीत, त्यांचे काय होते?

दावाओकर

एक जण गेला. नाव लिहीत नाही. मी तिसर्‍या वर्षाला असताना तो अठरा वर्षांचा होता, पाच फूट दहा इंच, डावखुरा. प्रादेशिक स्पर्धेपर्यंत खेळला होता, पालारोंग पाम्बान्साच्या संघात मात्र त्याची निवड झाली नव्हती. मनिलात काही विद्यापीठांच्या निवड चाचण्या सर्वांसाठी खुल्या असतात. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून त्याला विमानाचे तिकीट काढून दिले. त्याला एका ठिकाणी ‘टीम बी’मध्ये घेतले गेले. हा मुख्य संघाच्या मागचा संघ असतो. तो सरावाला समोर उभा राहतो, लहानसहान स्पर्धा खेळतो, आणि त्यातल्या एखाद्याला वर बढती मिळते. फी बर्‍याच अंशी माफ झाली, राहण्याची सोय झाली. दोन वर्षे तो रोज सरावात प्रतिस्पर्धी संघाच्या गार्डची नक्कल करायचा. ज्या आठवड्यात ज्याच्याशी सामना, त्या आठवड्यात त्याच्यासारखे खेळायचे.

तिसर्‍या वर्षी मुख्य संघात परदेशातून परतलेला एक मुलगा आला आणि प्रांतातल्या एका शाळेतून दुसरा. याच्यासाठी जागा उरली नाही. तो दावाओला परतला आणि तिथल्याच एका महाविद्यालयात त्याने शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. मनिलात उत्तीर्ण केलेले बरेच विषय धरले गेले, असे तो म्हणाला.

माझ्या शेवटच्या उन्हाळ्यात तो लीगामध्ये आमच्या बारांगायकडून खेळत होता आणि दुपारी लहान मुलांना शिकवत होता. एका संध्याकाळी तो दहा-अकरा वर्षांच्या पोराला डाव्या हाताने चेंडू नेऊन मध्येच थबकायला शिकवत होता, आणि थबकताना खांदा कसा पाडायचा हे पुन्हा पुन्हा करून दाखवत होता. मी ती लकब ओळखली. यूएएपीतल्या एका नावाजलेल्या गार्डची होती. त्याला तसे म्हणालो, तर तो हसला आणि म्हणाला की त्या गार्डचा त्याने तीन आठवडे अभ्यास केला होता, सामना मात्र बाकाच्याही मागे बसून पाहिला.